वारशाने आलेली सायकल: आधी वही, मग पाना



जुन्या सायकली पुन्हा उभ्या करण्याच्या कामावर व्हिडिओ केला, पण बोलण्याच्या ओघात हिशेबाचा भाग राहून गेला. तो इथे सविस्तर लिहितोय. दोन सायकलींची गोष्ट आहे. एक आमच्या घरची, जी मी स्वतः चांगली चौदा हजार रुपये खर्चून वाया घालवली. दुसरी आमच्या बॅचमधल्या एका मुलाने मिरजेतल्या त्याच्या छोट्या दुकानात केलेली. तुमच्यापैकी ज्यांचं सायकलचं, वेल्डिंगचं, फर्निचरचं किंवा कुठलंही दुरुस्तीचं दुकान आहे किंवा काढायचा विचार आहे, त्यांनी वही-पेन घेऊनच वाचा. आकडे येणार आहेत.

आमच्या घरची रॅले

माझे आजोबा प्राथमिक शिक्षक होते. कराडच्या आसपासच्या गावांत बदल्या, आणि प्रत्येक बदलीत सोबत एकच वाहन: काळी रॅले. रॉडचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, मागे लोखंडी कॅरियर. आजोबा गेल्यावर ती गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली आणि तिथेच वीस-बावीस वर्षं राहिली.

मी व्यवसायात जरा स्थिरावलो तेव्हा मनात आलं, ही सायकल झकास करून घरात मांडायची. शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये नेली आणि सांगितलं, "एकदम नवी कोरी करा, पैशाची काळजी करू नका." हे वाक्य मी किती अभिमानाने बोललो होतो ते मला अजून आठवतं. त्यांनी सांगितलं तसं केलं. सँडब्लास्टिंग करून सगळा जुना रंग उतरवला, त्यावर काळी पावडर कोटिंग, रिमा-हँडल नव्याने क्रोम, चामड्याची सीट काढून फोमची सीट, कुठूनतरी आणलेले सोनेरी स्टिकर. सायकल आरशासारखी चमकत होती.

भाऊबीजेला आत्या आली. सायकल ओसरीतच होती. तिने दांडीवरून हात फिरवला, मग परत फिरवला. काहीतरी शोधत होती. म्हणाली, "अरे, ही कुणाची आणलीस?"

मला वाटलं चेष्टा करतेय. पण ती तशीच आत निघून गेली. रात्री वडिलांनी सांगितलं. आत्या लहान असताना आजोबांनी तिच्यासाठी दांडीवर छोटी सीट बसवली होती. त्या सीटच्या पट्टीने दांडीवरचा रंग घासून खालचं लोखंड दिसायला लागलं होतं, बोटभर रुंदीचा पट्टा. गोठ्यात टांगलेल्या सायकलीवरही तो स्पष्ट दिसायचा. आत्या माहेरी आली की गोठ्यात जाऊन तो बघायची, हे मला माहीतच नव्हतं. वडील पुढे एवढंच म्हणाले, "मला नाहीतर तिला एकदा विचारायचं होतंस."

त्या वर्कशॉपवाल्याची यात काही चूक आहे का? मी जे मागितलं ते त्याने दिलं, वेळेवर दिलं, बिल चोख दिलं. पण त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि मीही स्वतःला विचारला नाही. मी क्लासमध्ये "ग्राहक मागेल ते द्या" असं शिकवत होतो, ते या दिवाळीनंतर बंद केलं. वारशाच्या वस्तूच्या बाबतीत ग्राहकाला आपण काय मागतोय हे बऱ्याचदा कळलेलंच नसतं. "नवी करा" म्हणजे त्याला "पुन्हा चालती करा" म्हणायचं असतं, आणि दुकानदार मात्र रंगाचा डबा उघडतो.

हे दोन वेगळे धंदे आहेत

जुनी सायकल भंगारातून किंवा कुणाकडून विकत घ्यायची, ठीकठाक करायची आणि शौकिनाला किंवा हॉटेल-कॅफेवाल्याला सजावटीसाठी विकायची, हा एक धंदा. यात सायकल तुमची आहे. रंग कोणता, सीट कोणती, ते तुम्ही ठरवा. पैसे अडकतात, जागा अडकते, आणि विकली जाईपर्यंत खात्री नसते.

दुसरा धंदा म्हणजे कुणीतरी वडिलांची, मामांची, आजोबांची सायकल घेऊन तुमच्या दारात येतो. यात तुमचं भांडवल फारसं अडकत नाही, पण जबाबदारी मोठी. बाजारात त्या सायकलीला फार किंमत नसते, पण त्या घरात तिची किंमत काय आहे ते बाहेरच्याला मोजता येत नाही. या दोन कामांचे नियम वेगळे आहेत. बरेच नवे लोक पहिल्या धंद्याचे व्हिडिओ बघतात आणि दुसऱ्या धंद्यातल्या सायकलीवर तेच प्रयोग करतात. पुढे मी फक्त दुसऱ्याबद्दल बोलतोय.

जाता जाता एक गोष्ट. पाटीवर आणि पोस्टमध्ये "अँटिक" शब्द लिहिताना जपून. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष आणि कलामूल्यवान वस्तू कायदा आहे. त्यात साधारणपणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या वस्तूला पुरावशेष धरतात, अशा वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो आणि त्या खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत. तुमच्याकडे येणाऱ्या सायकली बहुतेक १९५०-६० नंतरच्या असतात, त्यांचा याच्याशी संबंध नाही. मग कशाला तो शब्द? "जुन्या सायकलींची जतन-दुरुस्ती" लिहा. ग्राहकालाही तुम्ही काय करता ते नीट कळतं.

मिरजेच्या दुकानात आलेली सायकल

आता आमच्या त्या मुलाचं काम. पंक्चर, ओव्हरहॉलिंग, लहान मुलांच्या सायकली असं त्याचं नेहमीचं दुकान. एक दिवस एसटीतून निवृत्त झालेले एक काका वडिलांची रॅले हाताने ढकलत घेऊन आले. त्याने मला फोन केला, "सर, रंग कुठला मारू?" मी म्हटलं, "तू आधी वही उघड."

वहीत पहिला प्रश्न लिहिला: सायकल कोणाची? विचारल्यावर कळलं की तीन भाऊ आहेत. थोरल्या भावाला ती नवी कोरी हवी, मधले म्हणजे हे काका, त्यांना ती चालवायची आहे, आणि धाकट्याचं म्हणणं तिला हातच लावू नका. म्हणजे काम सुरू होण्याआधीच भांडण तयार. माझ्या या विद्यार्थ्याने फार चांगलं केलं. म्हणाला, "काका, तिघांनाही एकदा दुकानावर आणा. पाच मिनिटं लागतील." पाच मिनिटांचा दीड तास झाला, पण त्या दीड तासाने पुढचं सगळं वाचलं. वारशाची वस्तू घेताना जो घेऊन आला त्याच्याशिवाय आणखी कोणाचा हक्क किंवा जीव तिच्यात आहे का, हे विचारल्याशिवाय पाना लावायचा नाही. कायद्याचं जाऊ द्या, नात्यातल्या भांडणात दुकानदाराचे पैसे सगळ्यात आधी अडकतात.

दुसरा प्रश्न: चालवायची की मांडायची? मांडायची असेल तर गंज थांबवणं, साफसफाई, टायर एवढ्यात काम होतं. चालवायची असेल तर ब्रेक, चिमटा, हँडल, रिम यांत भावना आणायची नाही. चिमट्याला किंवा हँडलच्या दांड्याला चीर असेल, रिमला तारांच्या भोकांपाशी तडे असतील, तर तो भाग बदलायचा, नाहीतर सायकल भिंतीवर. हे स्पष्ट सांगा आणि लिहून द्या. रॉड ब्रेकची रिम स्टीलची असते. पावसात ओल्या स्टीलवर ते ब्रेक फार कमी धरतात, हेही सांगून ठेवा. आजोबा ज्या रस्त्यावर चालवायचे त्या रस्त्यावर तेव्हा डंपर नव्हते.

तिसरा प्रश्न मी मुद्दाम घालायला लावला: "या सायकलीवरची कोणती खूण गेली तर तुम्हाला वाईट वाटेल?" तिघा भावांची उत्तरं ऐका. थोरले म्हणाले, काही नाही, सगळं चकाचक करा. मग थोड्या वेळाने म्हणाले, चेनकव्हरवर अण्णांचं नाव पेंटरने लिहिलंय तेवढं ठेवा. मधल्या काकांना कॅरियर हवं होतं, जे कधीतरी गावच्या लोहाराने पट्टी जोडून मजबूत केलेलं होतं. धाकटे म्हणाले, मडगार्डवर नगरपालिकेच्या बिल्ल्याची भोकं आहेत ती बुजवू नका. पूर्वी सायकलला कर होता, दरवर्षी बिल्ला लावावा लागायचा, हे आजच्या मुलांना सांगूनही पटत नाही. आता बघा, नाव, पट्टी आणि भोकं. हे तिन्ही "नवी कोरी" मध्ये सगळ्यात आधी गेलं असतं. लोहाराची पट्टी तर कुणीही "ओबडधोबड जोड" म्हणून कापून टाकली असती.

मग ठरलं ते असं: रंग मारायचा नाही. आहे तो साफ करून त्यावर मेणाचं पॉलिश. जिथे लोखंड उघडं पडलंय तिथे गंज काढून पातळ मेण. क्रोम जेवढं येईल तेवढं. सायकल चालती करायची, हळू चालवण्यापुरती. हे सगळं एका कागदावर, तिघांच्या सह्यांसह. एका पानाचा साधा कागद, वकिली भाषा नाही.

सायकल ओळखताना बढाई नको

ग्राहक बहुतेक वेळा सांगतो, "इंग्लंडची आहे, अस्सल." आपण मान हलवतो आणि तेच फेसबुकवर टाकतो. थांबा. रॅले ही नॉटिंगहॅमची कंपनी खरी, पण स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला आणि त्या सायकली देशभर गेल्या. हर्क्युलिस आणि फिलिप्स ही मूळ बर्मिंगहॅमकडची नावं, पण १९४९ मध्ये स्थापन झालेल्या टीआय सायकल्सने ती मद्रासजवळ अंबत्तूरला बनवायला सुरुवात केली. हिंद सायकल तर आपल्या मुंबईत वरळीला बनायची. म्हणून पुढचा बिल्ला, फ्रेमवरची अक्षरं, हबवरची अक्षरं नीट वाचा.

मागचा हब स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरवाला असेल तर त्यावर वर्षाचे दोन आकडे ठोकलेले सापडतात, ५४ असेल तर १९५४. पण तो हबचा जन्म. चाक मधेच बदललेलं असू शकतं. फ्रेम नंबरवरून रॅलेचं साल काढणं भरवशाचं नाही, कारण अनेक वर्षांचे नंबर एकमेकांत मिसळतात. आणखी एक सोपी खूण: क्रोम साधारण १९३० च्या सुमारास सायकलींवर रुळलं, त्याआधी निकेल असायचं. म्हणून खरोखरच १९२० च्या दशकातली सायकल कुणी आणली आणि तुम्ही तिच्यावर लखलखीत क्रोम चढवलं, तर जाणकार माणूस बघूनच हसेल.

जमलं तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे, तिथे आधी फोन करून एकदा जाऊन या. डोळ्याला एकदा जुन्या कामाची सवय लागली की हात आपोआप जपून चालतो.

पाना लावल्यावर

इथे मी मेकॅनिक नाही, जे सांगतोय ते त्या मुलाच्या वहीतून आणि त्याच्या शेजारी बसून बघितलेलं. तरी धंद्याच्या दृष्टीने जे महत्त्वाचं वाटलं ते मांडतो.

उघडण्याआधी चारही बाजूंनी फोटो. उघडताना प्रत्येक जोडाचा फोटो. छर्रे, नट, वायसर वेगवेगळ्या डब्यांत, डब्यावर चिकटपट्टीने नाव. हे कंटाळवाणं आहे, पण रॉड ब्रेकचे सांधे परत जोडताना याच फोटोंनी त्याचा अर्धा दिवस वाचवला.

जाम झालेले नट-बोल्ट म्हणजे या कामाचा खरा बॉस. घाई केली की तुटतात. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल घाला, सकाळी परत घाला, मग पाना. कॉटर पिन काढताना नट पूर्ण काढायचा नाही, पिनेच्या टोकाशी बरोबरीला आणायचा म्हणजे आटे ठेचत नाहीत. क्रँकखाली जाड पाइपचा भक्कम टेकू द्यायचा आणि एकच सरळ, जोरकस घाव. टेकू नसताना टकटक करत बसलं की पिन वाकते, शिवाय सगळा मार आतल्या छर्ऱ्यांना बसतो.

उलट आट्यांचंही लक्षात ठेवा. डावं पेडल उलट आट्याचं असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण या इंग्लिश सायकलींत क्रँकच्या एक्सलची उजवीकडची पक्की वाटीही उलट आट्याची असते. आमच्या मुलाने ती सरळ समजून तासभर ताकद लावली. घट्ट करत होता बिचारा!

त्याहून महाग धडा पुढे होता. ती वाटी झिजलीय असं वाटून त्याने बाजारातून नवी आणली. ती दोन आट्यांतच घट्ट झाली. सुदैवाने त्याने जोर न लावता मला फोन केला आणि आम्ही मिळून शोध घेतला. नॉटिंगहॅमच्या रॅलेला तिथे इंचाला २६ आटे असतात, बाकी बहुतेक सायकलींना २४. जोर लावला असता तर फ्रेममधले मूळ आटेच गेले असते, आणि मग ती सायकल कायमची बाद. शेवटी जुनी वाटी रॉकेलने धुतली तर ती चांगली निघाली. नवे पाव इंची छर्रे, एका बाजूला अकरा, भरपूर ग्रीस, आणि काम झालं. नवीन वाटीचे पैसे, शोधाशोध, फोनाफोनी यात सहा तास गेले. हे सहा तास वहीत वेगळे लिहायला लावले. का, ते खाली येईल.

गंजासाठी त्याने ऑक्झॅलिक आम्ल वापरलं. पाण्यात विरघळवून रिमा बुडवून ठेवल्या की गंज सुटतो आणि उरलेलं क्रोम वाचतं. पण ते विष आहे. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा, आणि दुकानात लहान मुलं येतात तर बादली झाकून आणि नाव लिहून. बाहेर काढल्यावर धुवायचं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, परत धुवायचं, लगेच कोरडं करून तेलाचा हात. जास्त वेळ विसरलात तर पिवळट थर बसतो. ॲल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवायची नाही. घासायचंच तर ओलं, तोंडाला मास्क लावून.

चामड्याच्या सीटला घरातल्या कुणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल पाजलं होतं. चामडं इतकं मऊ झालं की मधे झोळी तयार. पुढचा बोल्ट थोडा कसला, निघालेली रिव्हेट ओळखीच्या चर्मकार दादांकडून बसवून घेतली. टायर २८ बाय दीड इंची, ते अजून सहज मिळतात. काळी उभी सायकल आपल्याकडे अजून बनते ही या कामातली मोठी सोय आहे.

काढलेला प्रत्येक जुना भाग, अगदी झिजलेले ब्रेकचे रबर आणि गंजके छर्रेसुद्धा, त्याने एका पिशवीत भरून ठेवले. ते भाग ग्राहकाचे असतात. वारशाच्या कामात ही पिशवी तुमची सगळ्यात स्वस्त जाहिरात आहे.

आता हिशेब

त्याने काकांना अंदाज दिला होता ५,००० रुपये. काम संपल्यावर मला म्हणाला, "सर, २,८०० सुटले!" चला, वही उघडू. हे भाव त्याच्या दुकानातले आहेत, तुमच्या गावात कमी-जास्त असतील. पद्धत बघा.

टायर-ट्यूबची जोडी ८६०, चेन १८०, छर्रे, कॉटर पिना, ब्रेकचे रबर, ग्रीस मिळून ३४०, आम्ल, रॉकेल, मेण, पॉलिश पेपर २७०. सामान झालं १,६५०. सीटचा जाम बोल्ट लेथवाल्याकडून काढून घेतला त्याचे २५० आणि सीटच्या रिव्हेटचे ३००. एकूण खिशातून गेले २,२००. पाच हजारांतून वजा केले की २,८०० उरतात, बरोबर आहे त्याचं. चुकीची आणलेली वाटी त्याने दुकानाच्या मालात टाकली, ती यात धरलेली नाही.

पण तास किती लागले? वहीत ३४. म्हणजे तासाला साधारण ८२ रुपये. आता दुकानाचं भाडं, वीज, मोबाइल मिळून महिन्याला ९,०००. महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे ८ तास, म्हणजे २०८ तास. दुकान नुसतं उघडं ठेवायला तासाला ४३ रुपये लागतात. ८२ मधून ४३ गेले, हातात ३९ रुपये तास. याच मुलाला पंक्चरच्या कामात, गिऱ्हाईक रांगेत असेल तर, तासाला दीडशेच्या वर मिळतात. म्हणजे दुकानातलं सगळ्यात अवघड, सगळ्यात जोखमीचं काम तो सगळ्यात स्वस्त करत होता. आणि खुश होता! मी दोष देत नाही, आपण सगळेच सुरुवातीला असंच मोजतो: गल्ल्यात आले वजा सामान, झाला फायदा.

दर कसा काढायचा? त्याला स्वतःचे तासाला १५० हवे होते. त्यात दुकानाचे ४३ मिळवले, १९३, सोयीसाठी १९५ धरू. ३४ तासांनी गुणायचं का? नाही. वाटीच्या भानगडीतले सहा तास काढा. तुम्ही न शिकल्याची फी ग्राहकाने का भरायची? ती तुमची फी, पण ती वहीत दिसली पाहिजे, म्हणून वेगळी लिहायला लावली होती. उरले २८ तास. २८ गुणिले १९५ म्हणजे ५,४६०. त्यात खिशातले २,२०० मिळवले की ७,६६०. हा त्या कामाचा खरा भाव.

इथे सगळे मला एकच विचारतात: सर, एवढ्या पैशांत तर नवीन सायकल येते, कोण देईल? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की, ज्याला सायकल हवी आहे तो देणार नाही, आणि त्याने देऊही नये. त्याला सरळ सांगा, काका, नवी घ्या, ही स्वच्छ करून भिंतीला लावून देतो, हजार-बाराशेत होईल. तुमच्याकडचे बरेच ग्राहक असेच निघतील आणि ते वाईट ग्राहक नाहीत. पूर्ण भाव देणारे थोडे असतात. म्हणून दुकान बंद करून फक्त हेच करायचं, असं कुणी ठरवत असेल तर मी थांबवीन. नेहमीच्या दुरुस्तीवर भाडं निघू द्या, महिन्याला एखादं-दुसरं असं काम घ्या.

पैसे मागण्याची पद्धत त्याने आता बदलली आहे. आधी पाहणीची फी ३०० रुपये, काम दिलं नाही तरी परत नाही. त्यात प्रश्न, फोटो, जाम बोल्ट कुठे आहेत ते बघणं, आणि एक लेखी अंदाज. अंदाजात एक ओळ कायम: "उघडल्यावर आत काही निघालं तर फोन करून विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही." मग सामानाची पूर्ण रक्कम आगाऊ. मजुरी सायकल नेताना. काही लोक ३०० ऐकूनच परत जातात. त्याला सुरुवातीला फार वाईट वाटायचं, आता कमी वाटतं.

सायकल घरी गेली त्या दिवशी

तिघे भाऊ आले. थोरल्यांचं तोंड जरा उतरलं, "अहो, जुनीच दिसतेय की." आमचा मुलगा घाबरला. काही बोलला नाही, सह्यांचा कागद आणि जुन्या भागांची पिशवी पुढे ठेवली. मधल्या काकांनी तोपर्यंत टांग मारून रस्त्यावर एक चक्कर काढली होती. घंटी वाजली तसं थोरल्यांनी वळून पाहिलं. ती मूळचीच घंटी होती, फक्त आतला गंज काढून तेल घातलं होतं. त्यांनी पिशवी उचलली, आत डोकावले आणि म्हणाले, ही माझ्याकडे राहू दे. पाच हजार ठरले होते, पाचच दिले. जास्त कुणी दिले नाहीत आणि आमच्या मुलाने मागितलेही नाहीत, अंदाज त्याचाच चुकला होता. महिनाभराने धाकट्यांच्या ओळखीतून मामांची एक हर्क्युलिस आली. तिला त्याने ७,५०० सांगितले आणि त्यांनी मान्य केले.

आमची रॅले ओसरीतच आहे. पावडर कोटिंगवर आता बारीक ओरखडे पडायला लागलेत. मागच्या वर्षी आत्याने तिच्या माळ्यावरून ती दांडीवरची छोटी सीट शोधून आणली, इतकी वर्षं तिनेच जपून ठेवली होती. खाली रबराचा तुकडा घालून आम्ही ती बसवली. ती म्हणाली, "रबर काढ रे. घासू दे."

या आठवड्याचा गृहपाठ: घरातली, शेजारची, कुठलीही एक जुनी सायकल घ्या. उघडू नका. मालकाला वरचे तीन प्रश्न विचारा, उत्तरं वहीत लिहा, चार फोटो काढा आणि तासांसकट अंदाज मांडा. तुमच्या दुकानाचा तासाचा खर्च किती येतो तो आकडा पहिल्या ओळीत हवा.